घरातला एकटा सेवियावाला

"मान वर कर. आणि हलू नकोस, नाहीतर कान हातात येईल."

"येऊ दे! आज मॅच आहे आणि तू कान काय घेऊन बसलायस?" लिओन्सियोने हनुवटी वर केली. अंगावरच्या पांढऱ्या कापडाखाली त्याने काहीतरी मुठीत घट्ट धरलं होतं. काय ते कासियानोला न बघताही ठाऊक होतं. हिरवा-पांढरा मफलर. बेतिस या फुटबॉल क्लबचा.

दर रविवारी सकाळी कासियानो नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीतून पुतणीच्या घरी यायचा आणि थोरल्या भावाची, लिओन्सियोची, दाढी करायचा. जन्मभर न्हाव्याचं काम केलेला माणूस, डोळे मिटूनही केली असती. आज मात्र हात जड झाला होता. पिशवीत, साबणाच्या वाटीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणखी एक मफलर होता. लाल-पांढरा, बेतिसच्या हाडवैऱ्यांचा, सेवियाचा. तो लिओन्सियोचा खरा मफलर. आज तो त्याला परत द्यायचा आणि खरं काय ते सांगायचं, असा शब्द कासियानोने पुतणीला दिला होता. पण कोणत्या तोंडाने सांगायचं?

या शहरात पोराचा बाप्तिस्मा आधी होतो की त्याचा क्लब आधी ठरतो, यावर पैज लावायला हरकत नाही. घरंच्या घरं हिरवी नाहीतर लाल, आणि मध्येच एखादं असं, की जेवणाच्या टेबलावर खडूने रेघ मारावी. कासियानोचं घर मात्र पाळण्यापासून तिरडीपर्यंत बेतिसचं. बाप त्रियानात फरशा भाजायचा. हातावर भट्टीचे डाग, आणि रविवारी गळ्यात हिरवा रुमाल. चण्यांच्या रश्श्यात चमचा बुडवला की त्याची गोष्ट सुरू व्हायची. "तुमच्या आज्याच्या वेळेला ना, त्या सेवियाच्या साहेबलोकांनी एका कामगाराच्या पोराला संघात घ्यायला नकार दिला. का, तर हात मळलेले! तेव्हा भांडून बाहेर पडले, ते आपले बेतिसवाले. कळलं? आपण हाकललेल्यांची औलाद."

आणि एका रविवारी अकरा वर्षांचा लिओन्सियो ताटातून मान वर न काढता म्हणाला होता, "थाप आहे ती म्हाताऱ्यांची. कागद दाखवा."

आदल्या रविवारी मामाने त्याला पलीकडच्या, सेवियाच्या मैदानावर नेलं होतं, आणि पोरगं लाल होऊन परत आलं होतं. बापाने चमचा खाली ठेवला. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पण त्या दिवसापासून रविवारी तो लिओन्सियोशी बोलेनासा झाला. सोमवार ते शनिवार बोलायचा, रविवारी नाही. आणि मेला, तोही रविवारीच. लिओन्सियो दिवसभर उशाशी बसून होता.

तसा लिओन्सियो म्हणजे गरीब गाय. बस-स्टँडवरच्या तिकीटखिडकीची नोकरी बापाने लावून दिली, ती त्याने निवृत्त होईपर्यंत केली. बायको आईने पाहिली. घर बायकोने पाहिलं. शर्टसुद्धा तीच आणायची. आयुष्यात एकच गोष्ट त्याने स्वतः निवडली आणि सगळ्या घरादाराशी वाकडं घेऊन धरून ठेवली. सेविया.

भावांनी मात्र त्यातूनही एक रीत पाडली होती. सोमवारी कासियानोचं दुकान बंद असायचं. पण या दोन क्लबांची मॅच झाली आणि सेविया जिंकली, की सोमवारी सकाळी शटरवर थाप पडायचीच. कासियानो अर्धं शटर वर करायचा. लिओन्सियो वाकून आत यायचा, खुर्चीत बसायचा, मफलर पांढऱ्या कापडाखाली घेऊन गुणगुणायचा. कासियानोने त्याची फुकट दाढी करायची आणि एक अक्षर बोलायचं नाही. हरणाऱ्याने बोलायचं नाही, हा नियम. हातात वस्तरा, समोर सेवियावाल्याचा गळा, आणि तोंडाला कुलूप! बेतिस जिंकली, की लिओन्सियो आठवडाभर त्रियानाचा पूलच ओलांडायचा नाही.

मग त्याला विसर पडायला लागला. आधी चाव्या, मग रस्ते, मग बायको वारल्याचं. रेमेदिओसने, त्याच्या लेकीने, सगळ्यांच्या रेमेने, त्याला आपल्या घरी आणलं. आणि गेल्या हिवाळ्यात, कोपऱ्यावरच्या बारमध्ये टीव्हीवर दोन्ही संघ मैदानात उतरत असताना, लिओन्सियोने धाकट्याच्या बाहीला धरून हळूच विचारलं, "कासियानो, यातले आपण कोण रे?"

जिभेला हाड नसतं. कासियानो म्हणाला, "बेतिस! बाबांसारखे."

बारमध्ये हशा पिकला. कुणीतरी आपला हिरवा मफलर काढून लिओन्सियोच्या गळ्यात टाकला. फोटो काढले, ते त्रियानाभर फिरले. "अरे, लिओन्सियो शुद्धीवर आला बघा!" लोक कासियानोच्या पाठीवर थापा मारत होते. तोही हसला. खोटं कशाला बोला, पोट धरधरून हसला. उद्या विसरेल, असं त्याला वाटलं होतं.

सगळं विसरणारा माणूस, पण हे नेमकं विसरला नाही. आठवड्याभराने कपाटातून लाल मफलर निघाला, तर म्हणाला, "हे कुणाचं फडकं आपल्या घरात?" आणि कचऱ्यात टाकून मोकळा झाला. रेमेने तो बाहेर काढला, धुतला आणि काकासमोर टेबलावर ठेवला. तिला फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा आईला विसरले, मला कधी ओळखतात कधी नाही. एवढं एकच राहिलं होतं त्यांच्याजवळ. तेही काढून घेतलंत?"

त्या दिवसापासून कासियानोला अन्न गोड लागत नव्हतं. आंधळ्याच्या हातातली काठी पळवावी, तसलं काहीतरी आपल्या हातून झालं, असं त्याला वाटायचं.

दाढी झाली. त्याने ओल्या टॉवेलने भावाचं तोंड पुसलं, एक खुर्ची ओढून समोर बसला आणि पिशवीतून पुडकं काढलं. दारात रेमे हात पुसत उभी होती.

"लिओन्सियो, ऐक. मी तुझी चेष्टा केली होती. तू बेतिसचा नाहीस. तू सेवियाचा. लहानपणापासून. हा घे, तुझाच आहे."

लिओन्सियोने लाल मफलरकडे पाहिलं, मग भावाकडे. त्याचा चेहरा पोरासारखा कसनुसा झाला.

"असं नको रे बोलूस. आज रविवार आहे."

"म्हणून काय झालं?"

"बाबा ऐकतील ना!" तो कुजबुजला. "हल्ली ते बोलतात माझ्याशी. रविवारीसुद्धा. इथे पलंगावर बसतात. परवा डोक्यावरून हात फिरवला. हे बघितलं तर पुन्हा बोलायचे बंद होतील." त्याने दोन्ही हातांनी हिरवा मफलर छातीशी धरला. "मी काही केलं नाही रे. सांग ना त्यांना, मी काही केलं नाही."

घेतलं तेव्हा चोरी, आणि परत द्यायला जावं तर हेही पाप! त्याने रेमेकडे पाहिलं. तिने हात पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं आणि मानेनेच 'नको' म्हटलं.

"बरं बरं. चुकलो मी," कासियानो म्हणाला. "तू बेतिसचाच. बाबांना ठाऊक आहे."

लिओन्सियोचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर भावाच्या मांडीवरच्या लाल मफलरवर गेली.

"मग हा कुणाचा?"

"माझा."

"तुझा? तू सेवियावाला?"

"हो."

"आपल्या घरात?" लिओन्सियो खुर्चीतून अर्धा उठला. कितीतरी महिन्यांत त्याचे डोळे असे चमकले नव्हते. "अरे लाज नाही वाटत? रेमे, ऐकलंस का? हा बघ कोण निघाला घरात! ये, ये संध्याकाळी, बस माझ्या शेजारी. रडवतो की नाही बघ तुला!"

संध्याकाळी कासियानो त्याच्या शेजारी बसला. गळ्यात लाल मफलर, समोर ऑलिव्हची वाटी. बेतिसने गोल केला तेव्हा हसू दिसू नये म्हणून त्याने चेहरा दोन्ही हातांत लपवला. लिओन्सियोने त्याच्या पाठीवर दणादण थापा मारल्या. "रड, रड! मोकळा हो!" असं म्हणत म्हातारा हसून हसून बेजार झाला. बेतिस जिंकली. अशा विजयानंतर कासियानोने टाळी वाजवली नाही, असं उभ्या जन्मात पहिल्यांदाच झालं.

सोमवारी सकाळी शटरवर थाप पडली.

कासियानोने अर्धं शटर वर केलं. रेमे बापाला हात धरून घेऊन आली होती. लिओन्सियो वाकून आत आला, खुर्चीत बसला, हिरवा मफलर कापडाखाली घेतला आणि गुणगुणायला लागला. ही रीत त्याच्या डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात शिल्लक राहिली होती, देव जाणे. कासियानोने भिंतीवरच्या बेतिसच्या फोटोंना पाठ केली, लाल मफलर गळ्यात घट्ट केला आणि वाटीत फेस काढायला घेतला.

समोरच्या बारमधून दोन जुनी गिऱ्हाइकं टोस्ट खात बाहेर आली, अर्ध्या शटरखालून वाकून बघायला लागली. "अरे कासियानो! गळ्यात काय ते? डोकं फिरलं का भावाबरोबर तुझंपण?"

कासियानोने भावाच्या गालाला फेस लावला. हरणाऱ्याने बोलायचं नसतं. त्याच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

"तुला माहितेय का," लिओन्सियो आरशात बघत म्हणाला, "त्या तुझ्या साहेबलोकांनी एका कामगाराच्या पोराला हाकललं होतं? हात मळलेले म्हणून! तेव्हा भांडून बाहेर पडले, ते आपले."

वस्तरा गालावर थांबला. बापाचा आवाज, बापाचेच शब्द. यावर काय म्हणायचं ते कासियानोला लहानपणापासून पाठ होतं, फक्त ते कधी त्याने म्हणायचं नव्हतं. बापाच्या गोष्टीवर आपलं अख्खं आयुष्य उभं, आणि आता तीच खोटी म्हणायची? त्याने नियम मोडला.

"थाप आहे ती म्हाताऱ्यांची," तो म्हणाला. "कागद दाखव."

लिओन्सियोने आरशातून भावाकडे पाहिलं.

"हे असंच म्हणायचा एक जण," तो म्हणाला. "आमच्या घरात होता. सगळ्यांत तोच एक सेवियावाला. बाप बोलायचा नाही, भाऊ दात काढायचा. पण पठ्ठ्याने सोडली नाही बघ सेविया." त्याने मान हलवली. "काय झालं असेल रे त्याचं?"

रेमेने तोंड फिरवलं.

"हट्टी होता," कासियानो म्हणाला. "माझ्याहून दसपट चांगला होता."

"हो ना. एकटा पडला बिचारा."

"मान वर कर," कासियानो म्हणाला. त्याने वस्तरा पुसला आणि दुसऱ्या गालाला फेस लावला.