दोन पेट्यांतला खर्ज

दुकानदार वामनरावांनी डाव्या पेटीचा भाता हलवला, बारीक सुरांचा खटका बंद करून डावीकडची अगदी टोकाची पट्टी दाबली आणि भागीरथाबाईकडे पाहिलं. पट्टी खाली गेलेली तिला दिसली. सूर काही आला नाही. नुसता भात्याचा सुस्कारा.

"आता ही पाहा," म्हणत त्यांनी उजवी वाजवली. तिथंही तेच.

भागीरथाबाईनं पदर कानामागं सारला.

तोवर सगळं तिच्या हातात होतं. अकोल्याच्या त्या दुकानात दोन पेट्या जुळ्या बहिणींसारख्या मांडलेल्या. तेच पॉलिश, तेवढेच खटके, दोन्हींत एका पट्टीला जाड आणि बारीक असे दोन-दोन सूर. तिनं भाते उजेडात धरून पाहिले, पट्ट्यांच्या फटीत नख घातलं, पॉलिशचा वास घेतला. "पावडर फासल्यानं म्हातारी नवरी होत नाही, वामनराव," हेही सुनावून झालं. बारीक सूर तिला चोख ऐकू आले. पण मूर्तिजापूरच्या विहारातल्या बायकांनी तिला धाडलं होतं ते खर्जासाठी. आठ बायकांचे आठ दिशांना पळणारे आवाज खर्जच धरून ठेवतो. भागीरथेचा कान म्हणजे सोनाराचा काटा, असं गाव म्हणायचं. गावापेक्षा ती स्वतः जास्त म्हणायची.

वर्षभरापासून तिच्या कानांतून जाड आवाज एकेक करून निघून चालले होते. आधी जात्याची घरघर गेली, मग गड्यांचं बोलणं. "तोंडात घास धरून काय बोलता," म्हणून ती खेकसायची आणि गडी बिचारे मोठ्यानं बोलायचे. तिच्या जिभेला सगळे इतके भ्यायचे, की कानाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"बोला बाई. कोणाचा खर्ज चांगला?" वामनरावांचा आवाज किनरा, म्हणून एवढं तरी तिला कळलं.

"हात थांबवू नका," ती म्हणाली आणि तळवा पेटीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. दुसरीवर ठेवला. तेही तस्संच. थरथरीला का गोड-कडू असतं? फाटका खर्ज घरी नेला, तर वैशाखी पौर्णिमेला पहिल्याच भजनात सगळ्यांना कळेल. भजनातली मनकर्णा तर तिच्या जागी पेटीवर बसायला टपलेलीच होती. आणि पेटी गेली, की घरात उरेल ती एक बहिरी म्हातारी, जिच्यासमोर सगळे हातवारे करतील.

वामनराव आता जरा रोखून पाहू लागले होते.

मागं सून उभी होती, इंदू. तिनं पदर सावरला.

"आत्याबाई, डावीचा खर्ज फाटका वाजून राहिला, असंच म्हणता ना तुमी?"

भागीरथाबाईनं अवाक्षर काढलं नव्हतं. तिनं वळून सुनेकडे पाहिलं. मग मान ताठ झाली.

"म्हणतेच. पोरीले समजलं, दुकानदाराले कावून नाही समजत?"

वामनरावांनी डावीचं झाकण उघडलं, आत बघून ओशाळले आणि मुकाट्यानं उजवी बांधायला घेतली.

फलाटावर पेटी मधे ठेवून दोघी बसल्या.

"कधीपासून मालूम हाय तुले?"

"कापूस वेचणीपासून. मागून बैलांची बंडी आली, तुमी सरल्याच नाही. मंग मीच वढलं तुमाले."

त्या दिवशी धक्का दिला म्हणून तिनं इंदूला रात्रीपर्यंत बोल लावले होते. पोरगी एका शब्दानं उलटली नव्हती.

"मनकर्णेले सांगतलं?"

"मी कावून सांगू?"

भागीरथाबाई पेटीच्या दोरीची गाठ उगाच चाचपत राहिली.

"इंदे, हे बारीक आवाजबी जातीन का वं?"

"मले नाही मालूम, आत्याबाई."

"विहारात माह्या बाजूले बसत जाय. टाळ दुसरीले दे."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, सुनेले शिकवून राहिली. म्हणू दे."

इंदूनं कान टवकारले, ती उठली आणि तिनं पेटीची एक कडी धरली. भागीरथाबाईनं रुळांकडे पाहिलं. वळणापर्यंत रूळ रिकामे होते, धूरही नव्हता. तिनं दुसरी कडी धरली, फलाटाच्या कडेपासून दोन पावलं मागं सरली आणि ताठ उभी राहिली, गाडी आधी आपणच ऐकल्यासारखी.