सरुबाईचं व्हय

सरुबाईला दवाखान्यातनं घरी आणलं, तेव्हा टेंपोतनं उतरवून घ्यायला उचगावची अर्धी गल्ली जमली. उजवा हात लोंबत होता, उजवा पाय मागं ओढत येत होता, आणि तोंड एका अंगाला ओघळलेलं. शेजारच्या धोंडुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "सरूआक्का, वळखलंस का मला?"

"व्हय," सरुबाई म्हणाली.

गल्ली हरखली. म्हातारी बोलली.

लकव्याच्या झटक्यानं तिच्याकडं एवढा एकच शब्द ठेवला होता. बाकीचे सगळे आत होते, कणगीतल्या दाण्यासारखे सुखरूप. पण ओठाशी आले की प्रत्येकाचं व्हय व्हायचं. पाणी म्हणायला जावं, व्हय. न्हाय म्हणायला जावं, तरी व्हयच. मान हलवून नको म्हणावं तर मान भलतीकडंच जायची. आईला सगळं समजतंय, वाचा हळूहळू येईल, असं डॉक्टरांनी पोराला, बाबासोला, सांगितलं होतं. आल्या दिवसापासनं ती व्हय म्हणतीया म्हटल्यावर तो धरून चालला, की वाचा आलीच.

खरं तर सरुबाईचा उभा जन्म न्हायवर गेलेला. मालक वारले तेव्हा दिरानं वाटणी एकत्र करू म्हटलं, ही न्हाय म्हणाली. डेअरीवाल्यानं माप उणं धरलं, तिथंही न्हाय. सून शालन तर चहाला आधण ठेवायच्या आधी तिच्या तोंडाकडं बघायची. आता तीच सासू प्रत्येक गोष्टीला होकार देत होती. आत्ती, दूधभात कालवू? व्हय. दूधभाताच्या वासानंच तिला मळमळायचं, पण घास यायचा आणि गिळावा लागायचा. शालन बिचारी मायेनं भरवायची. आजारानं आत्ती किती गरीब झाल्यात, म्हणून शेजारणीजवळ डोळे पुसायची.

मग एका दुपारी तिनं विचारलं, गोठ्याकडचं दार लावून घेऊ का, माशा येत्यात. व्हय म्हणाली सरुबाई, आणि दार लागलं.

त्या दारापलीकडं काजळी होती.

काजळी म्हणजे तिची म्हैस. माय मेलेलं रेडकू, सरुबाईनं बोटानं दूध चाटवून वाढवलेलं. तिला सरुबाईच्याच हाताची सवय. पहाटे मांडीत चरवी धरून सरुबाई कासेला हात लावायची आणि ओवी धरायची, तेव्हा कुठं काजळी पान्हा सोडायची.

शिंगं तुझी कोयता गं, पाठ काळ्या पाट्यावाणी
धार वाजती चरवीत, माहेरच्या गाण्यावाणी

ओवी आताही डोक्यात सबंध होती, एक अक्षर सांडलेलं नव्हतं. भिंतीपलीकडं काजळी हंबरली की सरुबाई आतल्या आत पहिला चरण उचलायची, आणि अंधाऱ्या खोलीत आवाज यायचा, व्हय. नुसतं व्हय. विहिरीत पडलेल्या माणसाला वरची माणसं दिसावीत आणि वरच्यांना वाटावं की हा पोहतोय, तसं तिचं झालं होतं.

इकडं काजळी शालनला जवळ येऊ देईना. दोनदा चरवी लाथाडली, मनगटावर लाथ बसली. बाबासो फौंड्रीत पाळीवर जाणारा; त्याच्या हाताला तर ती थेंब देईना. कास तटतटून दुखायला लागली तसा बाबासो आईच्या उशाशी येऊन बसला.

"आई, जोतिबाच्या डोंगराखालचा एक पावणा हाय, आकाराम म्हणून. चांगला माणूस. काजळीचे हाल बघवंनात. देऊ या न्हवं त्याला?"

सरुबाईनं सगळा जीव जिभेवर आणला.

"व्हय."

तिनं डावा हात उचलून बंद दाराकडं केला, कितीदा तरी केला. बाबासोनं तो हात धरून खाली ठेवला आणि सांगितलं, ती सुखात राहील, तू घोर करू नकोस. बाहेर जाऊन तो शालनला म्हणाला, आई एका शब्दात कबूल झाली. त्याच्या आवाजात सुटल्याचं समाधान होतं, आणि ते सरुबाईनं पडल्या पडल्या ऐकलं.

आकाराम आला तो खांद्यावर नवं दावं टाकून. जनावर द्यायचं, पण घरचं दावं द्यायचं नाही, ही रीत. घरच्या बाईनं ते आपल्या हातानं सोडून ठेवून घ्यायचं, मगच म्हशीनं पाऊल उचलायचं. म्हणून सरुबाईला खुर्चीत बसवून गोठ्यात आणलं. शालननं तिचा मेलेला उजवा हात धरून काजळीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. काजळीनं तो हात हुंगला, चाटला. सरुबाईला काही कळलं नाही. त्या हातात कळायला काही उरलंच नव्हतं.

मग बाबासोनं गाठ सैल केली आणि दावं तिच्या डाव्या हातात दिलं. ओढून गाठ सोडायची तेवढी राहिली.

सरुबाईनं ते ओढलं नाही; मनगटाला त्याचा एक वेढा दिला आणि मूठ आवळली.

"आई, सोड की."

"व्हय."

मूठ सुटेना. बाबासोनं एकेक बोट उलगडलं. पुढचं धरावं तोवर मागचं परत मिटायचं. तो कसनुसा हसला. पाव्हण्याला म्हणाला, हातात अजून जोर हाय म्हातारीच्या.

आकाराम हसला नाही. "पावणं, बाई न्हाय म्हणतीया."

"तोंडानं व्हय म्हणतीया की."

"तोंडाचं ऱ्हाऊ द्या. हाताकडं बघा."

त्यानं आपलं नवं दावं परत खांद्यावर टाकलं. बाईच्या हातनं सुटलं तर निरोप धाडा, म्हणाला, आणि चहाला न थांबता गेला.

बाबासो शेणातच उकिडवा बसला. त्यानं त्या मुठीकडं बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "आई, न्हाय म्हणायचं असलं तर मूठ घट्ट धर. व्हय असलं तर सोड. काजळीला इकायचं?"

"व्हय." मूठ दगडासारखी.

"दूधभात आवडतो?"

"व्हय." बोटांची पेरं पांढरी पडली. शालननं तोंडाला पदर लावला.

"ते मधलं दार... लावलेलं चालतंय?"

"व्हय," म्हणताना तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. दावं मनगटात रुतलं होतं.

बाबासोला आणखी एक विचारायचं होतं.

"माझ्यावर राग हाय तुझा?"

"व्हय," सरुबाई म्हणाली, आणि बोटं एकेक करून उघडली.