डोणीचा विटाळ

पिंपरीच्या माळावर कारखान्याचा पाया खणायला घेतला आणि आकुर्डीच्या चिमाजी लोहाराचं नशीब उघडलं. खडक फोडायच्या छिन्न्यांचं काम त्याला मिळालं. त्या दिवसापासून त्याची जीभ हातापेक्षा जास्त चालायला लागली. भाता ओढणाऱ्या बायकोला, गोजाबाईला, त्या बढाया ऐकून किळस यायची.

लोखंड लाल झालं की काढायचं, दगडी डोणीतल्या पाण्यात विझवायचं, मग निखाऱ्याशेजारी ठेवून हळूहळू ऊब द्यायची, म्हणजे ते कडक राहूनही तडकत नाही. ही सासऱ्याची रीत. चिमाजी गप्पांत रंगायचा. छिन्नी पांढरीफेक होऊन ठिणग्या सोडायची, तो तशीच पाण्यात खुपसायचा, आणि ऊब द्यायचं नावच नाही. तिनं टोकलं तर म्हणायचा, "तू भाता वढ."

एका सकाळी ठेकेदार बबनराव आला आणि त्यानं मोडक्या छिन्न्या ऐरणीपुढे ओतल्या. मोडलेल्या तोंडावर जाड्या मिठासारखे दाणे चमकत होते. नीट जमलेलं लोखंड आतून राखेसारखं बारीक दिसतं. फाजील तापलं की दाणा फुगतो, आणि फुगलेल्या दाण्याला दाणा धरत नाही. गोजाबाईला बघताक्षणी कळलं.

"काम दुसऱ्याला देऊ का, चिमाजी?"

चिमाजीनं छिन्नीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "माजी चूक न्हाई, मालक. ही बाहेरची असताना डोणीला शिवली. पाणी बाटलं. आता हिला भट्टीजवळ फिरकू देत न्हाई."

बबनरावानं समजूतदारपणे मान डोलावली.

लग्न होऊन आल्यापासून गोजाबाईनं याच ऐरणीवर घण मारला होता. आणि हा निलाजरा आपलं पाप तिच्या पदराला पुसून तिलाच हाकलत होता. अशा माणसाच्या ताटाशी बसून आपण जेवतो, याचीही तिला शिसारी आली.

"मालक," ती म्हणाली, "माजा विटाळ जाऊन तीन वर्सं झाली. घरात दुसरी बाई न्हाई. इचारा ह्यास्नी."

चिमाजी खाली वाकून मोडक्या छिन्न्या गोळा करायला लागला. बबनराव घसा खाकरून ओट्यावर टेकला. "एक छिन्नी करून दाखवा," तो म्हणाला, आणि हे त्यानं चिमाजीला सांगितलं नव्हतं.

गोजाबाईनं नवऱ्याच्या हातातली सांडशी घेतली.

"भाता वढा," ती म्हणाली.