दोघांचं लेकरू

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात रुखमाबाईच्या हाती माइक आला की कांदेवालेही ओरडायचं थांबवत. त्यांचा इलाजच नसे.

"लेकरू म्हंजे का वाटनीचं वावर हाय? त्याले माय पन पाह्यजे, बाप पन पाह्यजे! आन आजीले काहून सोडता? आजीनं का पाप केलं?"

घटस्फोटानंतर मुलाचा सांभाळ आईबाप दोघांनी मिळून करावा, तसा कायदा व्हावा, म्हणून तालुक्यातल्या काही घरांनी ही मोहीम उभी केली होती. रुखमाबाईच्या मुलाचा संसार मोडल्यापासून सून अनघा नातवाला, ओमला, घेऊन यवतमाळला राहत होती. कोर्टाने भेटीचे दिवस ठरवून दिले होते; पण नेमका त्याच दिवशी ओमला ताप यायचा. दीड वर्ष आजीने नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. बाईचा आवाज चढायचा तो उगाच नाही.

पोळ्याच्या आधीच्या बाजारी भाषण संपवून ती खाली उतरली, तर सह्यांच्या टेबलापाशी तिचाच जावई उभा. पियूष, दिग्रसचा, फर्निचरचा कारागीर. त्याने सही केली आणि पेन खाली ठेवला.

"लय चांगलं बोलल्या, मामी. मंग तान्ह्या पोळ्याले भैरवीले पाठवसान काय? बैल बनवला तिच्यासाठी."

रुखमाबाई सह्यांचे कागद उगाच सारखे करू लागली. सासूशी पटेना म्हणून तिची लेक रुपाली सहा वर्षांच्या भैरवीला घेऊन माहेरी आली होती. पियूष दोनदा भेटायला आला, दोन्ही वेळा रुखमाबाईनेच त्याला आल्या पावली परत पाठवलं. दारू नाही, मारझोड नाही. आपल्या आईपुढे तोंड उघडत नाही एवढाच त्याचा गुन्हा. आणि ज्या तोंडाने त्याला हाकललं त्याच तोंडाने आपण माइकवर बोलतो, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. लेकाचं लेकरू दुसऱ्यांनी अडकवलेलं, लेकीचं आपण सांभाळलेलं! माणूस स्वतःला असा बेमालूम फसवतो.

घरी येऊन तिने रुपालीला विचारलं.

"मी कवा नाही म्हटलं?" रुपाली म्हणाली. "तूच म्हने, एकडाव नेली त पोट्टी परत दिसाची नाही."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात त्या सकाळी, पियूष मोटरसायकलवर आला. चाकं लावलेला, शिंगांना बेगड चिकटवलेला बैल त्याने ओट्यावर ठेवला. भैरवी धावत जाऊन बापाला बिलगली. सांजच्याले आणून सोडतो, एवढं बोलून तो तिला घेऊन गेला.

रुपाली निवांत डाळ निवडत बसली. रुखमाबाईला मात्र घर खायला उठलं. दुपारपासून तिने लेकीमागे धोशा लावला, फोन लाव, फोन लाव. त्याच्या आईने पोरीला ठेवूनच घेतलं तर? पोरगीच म्हणाली, मी येत नाही, तर? गल्लीतली लेकरं बैल घेऊन दारात आली, त्यांच्यावरही ती खेकसली.

फाटकाशी उभी असताना तिला अनघा आठवली. एका दिवसात आपली ही गत झाली, मग तिची काय होत असेल? ताप खोटा असेल, भीती खोटी नव्हती. आपण मात्र चारचौघांत त्या पोरीला लबाड म्हणत राहिलो. रुखमाबाईला स्वतःची लाज वाटली.

दिवेलागणीला मोटरसायकल वाजली. भैरवी पेंगत उतरली. रुखमाबाईने नातीला छातीशी धरलं आणि पियूषला म्हणाली, "जवाई, बसा. च्या घेऊन जा."

तो गेल्यावर तिने अनघाला फोन लावला.

"आई, या रविवारी नाही जमणार," अनघा आधीच म्हणाली.

"त्यासाठी नाही केला फोन. तुले भेव लागते ना, आमी ओमले ठेवून घेऊ म्हून?"



"खूप," अनघा म्हणाली.

"मंग एकटा नोको पाठवू. त्याच्यासंगं तू बी ये. सांजच्याले दोघंही वापस जा."

"मी कुठे बसू तिथे, आई? आता माझं काय आहे त्या घरात?"

"माह्यापाशी बस," रुखमाबाई म्हणाली.