गाव असतं तसं

हलवा. फिरवा. काढा.

मोबाईलवरच्या त्या खेळात मांडलेल्या वस्तूवर बोट दाबून धरलं, की हे तीनच पर्याय येतात. हलवली तर वस्तू अख्खी राहते. काढली तर निम्मं सामान परत मिळतं, निम्मं मातीत जातं.

पंचशीलाचं घर कुणीतरी हलवलं होतं.

खेळातलंच घर. पण माजलगावच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळून तेलगावला परतताना, एसटीत बसल्या बसल्या, तिनं त्याचा एकेक दगड फोडला होता. त्या ओसाड बेटावरचा पहिला झेंडा तिचा. झेंडा ज्याचा, जमीन त्याची. तो परवानगी देईल त्यालाच तिथल्या वस्तूंना हात लावता येतो. तिनं दोघांना दिली होती. कॉलेजातला मृत्युंजय, आता पेठेत कापडाचं दुकान चालवणारा. आणि त्याची बहीण रुद्राणी.

आता विहिरीशेजारचं तिचं घर ओढ्यापलीकडं. मध्ये नवीकोरी दगडी भिंत. दारात लांडग्यांनी फोडलेली पेटी, सांडलेलं धान्य.

आधी नुसता वैताग आला.

रविवारी दुपारी ती बेटाचा नकाशा उघडून बसली होती. वडील, बन्सीआबा, चष्मा पुसत डोकावले. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही.

"कुठलं गाव गं हे?"

"खेळातलं, आबा."

त्यांचं बोट नकाशावरून फिरलं. मध्ये देऊळ. देवळापुढं बाजार. विहीर. भोवती भिंत. बोट ओढा ओलांडून थेट तिच्या घरावर थांबलं.

"हे आपलं का?"

दहा घरं होती नकाशात. एकावरही नाव नव्हतं.

आबा चष्मा लावून आत गेले. वैताग तिथंच संपला. त्याच्या जागी जे आलं, त्यानं तिचे कान तापले. तिनं मृत्युंजयला फोन लावला, स्पीकरवर.

"माझं घर कावून हलवलंस?"

"अगं, देवळाला जागा पायजे होती. लई भारी झालंय ना गाव?" मृत्युंजयच्या तोंडात काहीतरी कुरकुरीत होतं.

"वढ्यापल्याड कावून?"

"कुठंतरी ठेवायचंच होतं की."

"तिथंच ठेवायचं हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? गाव असतं तसं मांडलं."

गाव.

असतं.

तसं.

पाटील नसलेलं बेट. जात विचारणारा एक जीव नाही, नुसते लांडगे. तिथंसुद्धा ह्यानं चिवडा खात खात गाव असतं तसं मांडलं!

त्याच्या मागून रुद्राणीचा आवाज आला, "त्यानं मुद्दाम न्हाई केलं गं, पंचू."

"तेच म्हणते मी. मुद्दाम करताना माणूस इचार तरी करतो."

"बरं बाई, चुकलं," मृत्युंजय म्हणाला. "भिंत जरा पुढं सरकवतो. तुला आत घेतो. झालं?"

"घेतो?"

"म्हणजे तसं न्हाई..."

"झेंडा कुणाचा हाय, मृत्युंजय? तू मला आत घेणार?"



तिनं भिंतीच्या पहिल्या तुकड्यावर बोट दाबून धरलं.

हलवा. फिरवा. काढा.

काढा.

धूळ उडाली. निम्मा दगड तिच्या झोळीत आला.

"ए, ए! आठ दिवस घातलेत मी त्यात!"

काढा.

"निम्मा माल वाया जाईल, पंचशीला!"

"जाऊ दे."

काढा. काढा.

"लांडगे सगळ्या गावात शिरतील की!"

"शिरू देत. माझ्या दारात आलते, तवा तुला आवाज न्हाई आला."

आतून आबांनी विचारलं, "हलवलं का गं घर?"

"न्हाई आबा. घर हाय तिथंच ठेवलंय."

भिंतीचे अजून एकतीस तुकडे उरले होते. तिनं फोन खोलीच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि पुढच्या तुकड्यावर बोट ठेवलं.