मधल्या डब्याचं बटण

बारा दिवस त्या दुकानाच्या पानावर ‘शेवटचे चार नग शिल्लक’ असं लाल अक्षरांत झळकत होतं आणि बारा दिवस ते चारच्या चार राहिले होते. खाली एक घड्याळ उलटं धावायचं, शून्यावर आलं की मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. दुभाषीबाईला हे सगळं दिसत होतं आणि कळतही होतं. पण थकलेल्या माणसाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत, तो निम्मं काम आपणच करून देतो. तेराव्या दिवशी कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत तिने ‘खरेदी करा’वर बोट टेकवलं आणि कांदा चिरायला घेतला.

घेतलं होतं मेश वायफाय. म्हणजे तीन पांढरे डबे, बसक्या लोट्याएवढे. एक मोडेमपाशी ठेवायचा, दुसरा घराच्या मध्यावर, तिसरा शेवटच्या खोलीत. पहिला दुसऱ्याला हात देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि मग म्हणे घरात नेट पोचत नाही असा कोपरा उरत नाही. कुणीतरी आधी खोका फोडून परत पाठवलेला, म्हणून चाळीस टक्के सूट.

“चांगलं होतं तर परत का केलं असेल?” नवऱ्याने फोनवर विचारलं. तो लांबच्या एका धरणाच्या कामावर होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. लांब राहणाऱ्या माणसांना असे प्रश्न बरोबर सुचतात.

“त्यांच्या घराला भिंती कमी असतील.”

“चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला व्हायचा बघ.”

“मग तू ये नि मसाला वाट,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

थट्टेत न सांगितलेली गोष्ट अशी, की तिच्याकडे आता फक्त एक संधी उरली होती. ती खुणांच्या भाषेची दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं दवाखान्यात, बँकेत, कचेरीत जायची, तिथल्या पडद्यावर ही दिसायची. समोरचा तोंडाने बोलायचा ते ही हातांनी सांगायची, आणि त्यांच्या हातांचं ही तोंडाने. पूर्वी यासाठी संस्थेच्या केंद्रावर जावं लागे, दोन बस बदलून. सकाळी आठला घर सोडलं की परतायला सात. सासूबाई गेल्या त्या वर्षी सासरे न्हाणीघरात घसरून पडले आणि ती येईपर्यंत तसेच पडून राहिले. मधे शेजारी दोनदा बेल वाजवून गेला होता. आतून ओ आली नाही, तेव्हा घरी कुणी नाही असं समजून तो निघून गेला. त्यानंतर तिने हातापाया पडून घरून काम मागून घेतलं. संस्थेने दिलं, पण अट घातली. एका महिन्यात तीनदा चित्र तुटलं की घरच्या यादीतून नाव कमी. मोबाईलचं नेट चालणार नाही.

आणि घर कसं, तर आगगाडीसारखं. पुढची खोली, मग बोळ, बोळात सासऱ्यांच्या खोलीचं दार, मग स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे तिची कामाची खोली. जुन्या भिंती हातभर जाड. मोडेम पुढे, ती मागे. या महिन्यात दोनदा चित्र गोठलं होतं. एकदा तर एक बाई बँकेच्या खिडकीशी दोन्ही हात हवेत धरून थिजली ती थिजलीच. महिना संपायला अजून अकरा दिवस होते.

डबे आले. तिने स्वतः लावले. मोबाईलवरचं ते अॅप तिला प्रत्येक पायरीवर शाबासकी देत होतं, घरात दुसरं कुणी देत नसल्यामुळे तिने तीही घेतली. मधला डबा कुठे ठेवायचा यावर फार विचार करावा लागला नाही. बोळात चपलांच्या कपाटावर एक प्लग होता, तिथे तो बसला. त्याचा बारीक हिरवा दिवा लागला आणि मागच्या खोलीत चित्र असं स्वच्छ आलं की तिला स्वतःच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही नीट दिसली.

आता सासऱ्यांविषयी. ते वीजखात्यात वायरमन होते. छत्तीस वर्षं खांबांवर चढले आणि धडधाकट खाली उतरले. बरोबरीचा एक जोडीदार मात्र कुणीतरी चालू ठेवलेल्या बटणामुळे गेला, त्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून घरात जिथे माणूस नाही तिथे बटण चालू राहिलेलं त्यांना खपत नसे. रोज वर्तमानपत्र वाचून झालं की साडेअकराच्या सुमाराला ते उठत आणि पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीच्या दारापर्यंत एकेका बटणाला हात लावत फिरत. मोडेम सूनबाईच्या कामाचं हे त्यांना ठाऊक होतं, त्याला ते शिवत नसत. बाकी कुणाची गय नाही. नवरा या प्रकाराला ‘बाबांची गस्त’ म्हणायचा.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला बोळातलं बटण बंद दिसलं. नशिबाने तेव्हा कुणाचं काम चालू नव्हतं. तिला लगेच उमगलं. पोळी तव्यावर होती, म्हणून तिने स्वयंपाकघरातूनच, तव्याकडे बघत सांगितलं, “बाबा, बोळातला तो पांढरा डबा बंद नका करू हं. माझ्या कामाचाय.” आणि वळून पाहिलं. ते दारात उभे होते. त्यांनी हसून मान डोलावली.

“हो हो,” ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस बटण चालू राहिलं. तिला बरं वाटलं. म्हातारी माणसं ऐकत नाहीत असं लोक उगाच म्हणतात, नीट सांगितलं की ऐकतात, असंही तिने नवऱ्याला फोनवर ऐकवलं. ते दोन दिवस सासरे सर्दीने खोलीतच पडून होते आणि गस्त निघालीच नव्हती, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. ती गळ्यात हेडफोन अडकवून, एका हातात चहा, एका हातात वही अशी बोळातून मागे चालली होती. जाता जाता म्हणाली, “ते बटण लक्षात आहे ना, बाबा?”

“हो हो,” सासरे म्हणाले.

त्या दिवशी साडेअकराला पडद्यावर एक सुतार आला. तोही ऐकू न येणारा. हृदयाच्या दुखण्यातून नुकताच उठलेला, डॉक्टरीणबाईंपुढे गुडघे जुळवून बसला होता. त्या दोन गोळ्यांविषयी सांगत होत्या. ही सकाळी, ती रात्री, आणि दोन्ही एकदम चुकूनसुद्धा घ्यायच्या नाहीत. दुभाषीबाईने हातांनी सगळं सांगितलं. सुताराने मान डोलावली, हसला, पुन्हा डोलावली.

“समजलंय त्यांना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“नाही समजलं,” दुभाषीबाई म्हणाली. “ही खोटी मान आहे. त्यांनाच परत सांगायला लावा.”

हे तिला शिकवावं लागलं नव्हतं, चौदा वर्षांत आपोआप आलं होतं. ज्याला कळलेलं असतं तो मधे थांबतो, कपाळाला आठी घालतो, उलट विचारतो. ज्याला काहीच पोचलेलं नसतं तो ताबडतोब हसतो आणि मान हलवतो, कारण समोरच्याचा वेळ खाल्ल्याची त्याला लाज वाटत असते. डॉक्टरीणबाईंनी सुताराला विचारलं, रात्री कोणती घ्याल? त्याचं हसू मावळलं. त्याने दोन्ही गोळ्या उचलल्या, हात वर केले, आणि चित्र गोठलं.

तिने वाट पाहिली. मग धावत बोळात आली. बटण बंद. तिने ते दाबलं, तर तो डबा आधी लाल, मग पिवळा, मग बराच वेळ नुसता विचार करत बसला. तीन मिनिटं लागली. तोवर सुताराला दुसऱ्या दुभाषीकडे जोडून दिलं होतं, आणि तिच्या मोबाईलवर संस्थेतल्या देखरेखवाल्या बाईंचा निरोप येऊन पडला होता. महिन्यातलं तिसरं. सोमवारपासून केंद्रावर यावं. वाईट वाटतं, पण नियम सर्वांना सारखा.

तिने निरोप दोनदा वाचला. मग तिचा पारा चढला. सासरे स्वयंपाकघरात तिच्याकडे पाठ करून मिक्सरचं बटण तपासत होते.

“बाबा!”

त्यांनी वळून पाहिलं नाही.

“दोनदा सांगितलं तुम्हाला! दोनदा! कुणासाठी घरी बसलेय मी? तुमच्यासाठी ना? मी काय दगडाशी बोलते का या घरात?” इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचातरी वाटला.

ते मिक्सर सोडून वळले आणि तिला अचानक समोर पाहून दचकले. तिचे ओठ अजून हलत होते. त्यांनी ताबडतोब हसून मान डोलावली.

“हो हो,” ते म्हणाले.

तिने ती मान पाहिली. नीट पाहिली, पडद्यावर पाहते तशी. मग ओठ जेमतेम हलवून, हळू, अगदी घरगुती आवाजात म्हणाली, “बाबा, घराला आग लागलीय.”

“हो हो,” सासरे म्हणाले. “तू जेवून घे आधी. मी मागाहून बसेन.”

ती जवळच्या स्टुलावर बसली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी टीव्ही पाहणं सोडलं, तेव्हा त्यात आता काही राम नाही, असं ते म्हणाले होते. लेकाचा फोन आला की ‘तूच बोल, मला कंटाळा येतो’ म्हणून तिच्याच हातात द्यायचे. सासूबाई गेल्याने मन विटलं असेल, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगभरच्या खोट्या माना ओळखणारी बाई, आणि घरातली एक ओळखता आली नाही, कारण घरात तिने कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. बोलायची ते पोळ्यांकडे बघत, नाहीतर चालता चालता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

ती उठली. खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली आणि न ओरडता, शब्द न ओढता, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “बाबा, ऐकू कधीपासून येत नाही?”

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. या वेळी मान हलली नाही. ते खाली बघून मिक्सरची वायर गुंडाळू लागले, ती गुंडाळून झाल्यावर सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

“डावा जुनाच गेलाय,” ते म्हणाले. “उजवा तुझी सासू गेली त्या थंडीत.”

“सांगितलं का नाही?”

“तू दिवसभर त्या खोलीत तेच करतेस की. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना समजावत बसतेस. बाहेर येतेस तेव्हा तुझे खांदे दिसतात मला, पार उतरलेले असतात.” त्यांनी वायर ओट्यावर ठेवली. “म्हटलं, घरात तरी तुला ही ड्युटी नको.”

तिचे हात वर आले आणि तसेच खाली गेले. शेवटी तिने त्यांच्या मनगटाला धरून त्यांना बोळात नेलं आणि चपलांच्या कपाटावरचा डबा दाखवला. “हा बंद केला की माझं काम बंद पडतं.”

“हा?” ते वाकून हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. “अगं, मग आधी सांगायचं नाही का! मला वाटलं, नुसताच दिवा जळतोय.” मग त्यांचा चेहरा पडला. ते सावकाश सरळ झाले. “आज बंद केलं होतं मी. मघाशीच. तुझं कुणी होतं का तेव्हा समोर?”

तिच्या हातातला मोबाईल थरथरला. देखरेखवाल्या बाई आता फोन करत होत्या, सोमवारचं पक्कं करायला. सासरे तिच्या चेहऱ्यावर डोळे लावून उभे होते, एक अक्षरही सुटू नये अशा बेताने.

“निभावलं ना पोरी सगळं?” त्यांनी विचारलं.

तिने ताबडतोब हसून मान डोलावली.