कुणी हरवत नाही असा सिनेमा

मेक्सिकोतल्या कुलियाकान शहरात, बाजारामागे माझं सिनेमाच्या सीड्या भाड्याने देण्याचं दुकान आहे. भयपट हा माझा खास प्रांत. मेक्सिको, स्पेन, अर्जेंटिना... आपल्या स्पॅनिश भाषेतल्या दिग्दर्शकांचा एकही भयपट मी सोडलेला नाही.

शिवणकाम करणाऱ्या फिदेन्सियाबाई एक दिवस आल्या; त्यांना सगळे आदराने 'दोन्या' म्हणतात. त्यांची मुलगी यारेली नर्स होती. चार वर्षांपूर्वी कामावर गेली, ती परतलीच नाही.

"एवेलियो, काहीतरी भीतीदायक दे बाबा. दोन तास दुसऱ्याच कशाला तरी घाबरेन म्हणते. फक्त त्यात कुणी हरवलेलं नको."

मला सोपं वाटलं. मग फळीसमोर उभा राहिलो आणि हात पुढे जाईना. या सीडीत मुलगी हरवते, त्या सीडीत मुलगा, तिसरीत अख्खं गाव. आपल्या लोकांना भुतं सुचतात तीही हरवलेल्यांचीच. शेवटी एका बंद हवेलीचा सिनेमा सापडला.

"बरा होता," परत देताना त्या म्हणाल्या. "पण ती बया किती किंचाळते. घसा बसला असेल तिचा."

पुढच्या वेळी एक जुना अर्जेंटिनाचा दिला. मला त्यातला काळा कुत्रा तेवढा आठवत होता. त्या गेल्यावर तासाभराने शेवट आठवला, तसा मी दुकान उघडं टाकून धावलो.

उशीर झाला होता. टीव्ही बंद करून त्या शिवणयंत्राशी नुसत्याच बसल्या होत्या.

"विहीर उपसतात," त्या म्हणाल्या. "पोरीची हाडं मिळतात. आई ती धुते, पुरते."

"दोन्या, चुकलो मी. माफ करा."

"माफी कसली? त्या आईला सापडली की." मग त्यांनी विचारलं, "विहिरीतच बघायचं, हे त्यांना कसं कळलं रे?"

"पटकथेत लिहिलेलं असतं, दोन्या."

त्यांनी मान हलवली.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर यारेलीला शोधायला गेलो. मुलं हरवलेल्या दहा-बारा आया शहराबाहेरच्या रानात लोखंडी सळया घेऊन जातात. सळई जमिनीत ठोकायची, उपसायची, टोकाचा वास घ्यायचा. खाली कुणी पुरलेलं असेल तर वासावरून कळतं. दुपारपर्यंत मी चाळीसएक ठिकाणी ठोकली असेल. दर वेळी दोन्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नुसती माती," मी म्हणायचो. हे सांगताना बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.